टक्क्यासोबत पट्टाही विचारा

रविवारी सकाळी नाशिक रोडला मी नववी ते अकरावीच्या मुलामुलींचा गणिताचा एक वर्ग घेतो. शाळेचा अभ्यासक्रम तिथे शिकवत नाही, त्यासाठी क्लासवाले पुष्कळ आहेत. गेल्या पावसाळ्यात मी एक हजार चिंचोके जमवले, त्यातले 400 लाल रंगवले आणि सगळे एका पत्र्याच्या डब्यात घातले. लाल किती, हे फक्त मला माहीत. वर्गात 24 जण होते. प्रत्येकाने न बघता 50 चिंचोके काढायचे, लाल मोजायचे, त्यांची टक्केवारी वहीत लिहायची, चिंचोके परत टाकून डबा चांगला हलवायचा आणि पुढच्याच्या हातात द्यायचा.

टक्केवारीच्या पुढचा हिशेब सोपा ठेवला. जितके चिंचोके काढले त्या संख्येचं वर्गमूळ काढा आणि एकाला त्याने भागा. 50 चं वर्गमूळ साधारण 7, एक भागिले 7 म्हणजे 0.14, म्हणजे 14 टक्के. आपल्या टक्केवारीतून 14 वजा केले की पट्ट्याचं खालचं टोक, 14 मिळवले की वरचं. इंग्रजी पुस्तकं याला कॉन्फिडन्स इंटरव्हल म्हणतात. आम्ही वर्गात नुसतं 'पट्टा' म्हणतो. हा हिशेब ढोबळ आहे, पण दहावीच्या मुलाला पुरतो आणि 95 टक्क्यांच्या पट्ट्याच्या बराच जवळ जातो.

सगळ्यांचे पट्टे फळ्यावर एकाखाली एक काढले आणि मग मी 40 वर उभी रेघ मारली. 23 पट्ट्यांमधून ती रेघ गेली. एका मुलीने 12 लाल काढले होते, म्हणजे 24 टक्के. तिचा पट्टा 10 ते 38. रेघ त्याच्या बाहेरून गेली.

"सर, माझं कुठं चुकलं?" तिने विचारलं. मोजणी दोनदा तपासली होती तिने.

तिचं काहीच चुकलं नव्हतं. आणि ही गोष्ट पटवण्यात मला पुढचे दोन रविवार गेले. पद्धत अशीच आहे की शंभर जणांनी नीट वापरली तर पाचेक जणांचे पट्टे खऱ्या आकड्याला चुकतात. त्या पाचांत आपण आहोत की नाही, हे डबा उघडल्याशिवाय कळत नाही. वर्गात मी डबा उघडला. बाहेरच्या जगात तो कुणी उघडत नाही. तिथे ती मुलगी आपला पट्टा घेऊन घरी गेली असती आणि आपण त्या चुकलेल्यांपैकी आहोत, हे तिला कधीच समजलं नसतं.

म्हणून '95 टक्के विश्वास' याचा अर्थ "खरा आकडा 10 ते 38 मध्ये असण्याची शक्यता 95 टक्के" असा नाही. खरा आकडा 40 होता आणि 40 च राहणार. तो हलत नाही, हलतो तो पट्टा. भरवसा आहे तो पट्टा काढण्याच्या रीतीवर. हदीसचा थोडाफार अभ्यास असलेल्यांना हे समजायला जड जाऊ नये. रिवायत कानाला किती बरी वाटते यावर तिथे काम भागत नाही, ती कुणाकडून कुणाकडे आली, ते रावी कितपत भरवशाचे, याची आधी पारख होते. उपमा लंगडी आहे हे मला ठाऊक आहे, कारण तिथे मजकुराचीही वेगळी तपासणी असते. पण 'भरवसा मार्गावर' ही कल्पना मुलांना त्यातून लवकर कळली.

ही रीत जेर्झी नेमन या पोलंडच्या गणितज्ञाने 1934 साली लंडनच्या रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीसमोर मांडली. त्याच वर्षांत लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचा एक तरुण शिकत होता. पांडुरंग वासुदेव सुखात्मे. नेमन यांच्याच विषयावर त्यांनी काम केलं, 1936 मध्ये पीएच.डी. घेतली आणि पुढे देशात शेतातल्या पिकाचा अंदाज नमुना-कापणीवरून कसा काढायचा, याची घडी बसवली. दुसरे कोल्हापूरचे वसंत शंकर हुजूरबाजार, पुणे विद्यापीठाच्या संख्याशास्त्र विभागाचे संस्थापक. ते केंब्रिजला हॅरॉल्ड जेफ्रीज यांचे विद्यार्थी होते, आणि जेफ्रीज यांच्या परंपरेत "आकडा या पट्ट्यात असण्याची शक्यता इतकी" असं बोलता येतं, मात्र त्याआधी आपला अगोदरचा अंदाज काय होता ते उघड लिहावं लागतं. म्हणजे ज्या वाक्याला मी वर्गात चूक म्हणतो, त्या वाक्याचंही एक सन्मानाचं घर आहे. तरी मी आधी नेमनची रीतच शिकवतो. डबा आणि चिंचोके घेऊन ती डोळ्यांना दाखवता येते.

आता हे सगळं या ब्लॉगवर कशाला?

कारण आपल्याबद्दलचे जवळजवळ सगळे आकडे आता चिंचोके काढूनच येतात. सच्चर समितीने 2006 मध्ये अहवाल दिला तेव्हा तिच्या हाताशी 2001 ची जनगणना होती. राष्ट्रीय नमुना पाहणीचे आकडे तिने जोडीला घेतले. जनगणनेत माणसं मोजतात, तिला असा पट्टा लागत नाही. शेवटची जनगणना 2011 ची. 2021 ची पुढे ढकलली गेली. तेव्हापासून आपली मुलं किती शिकतात, आपल्या बायका किती कमावतात, आपल्यात किती जण अमुक मानतात, ही सारी टक्केवारी कुणीतरी थोड्यांना विचारून सगळ्यांवर लावलेली असते. शितावरून भाताची परीक्षा करायला माझी हरकत नाही. पण बिर्याणीची डेग ज्याने उतरवली आहे त्याला विचारा, वरच्या थराचं एक शीत तळाबद्दल किती सांगतं.

महाराष्ट्रात मुसलमान 2011 च्या मोजणीप्रमाणे 11.5 टक्के. एखाद्या संस्थेने राज्यात एक हजार लोकांना विचारलं तर पूर्ण राज्याचा पट्टा वर-खाली 3 टक्क्यांचा. बातमीच्या तळाशी बारीक अक्षरात तेवढंच छापतात. पण त्या हजारात आपण किती? सुमारे 115. वर्गमूळ काढा, पावणेअकराच्या आसपास येतं. म्हणजे मुसलमानांबद्दलच्या आकड्याचा पट्टा वर-खाली 9 टक्क्यांहून जास्त. एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत 18. समजा एका पाहणीत 34 टक्के मुसलमान काही म्हणाले आणि पुढच्या पाहणीत 41 टक्के. "मुस्लिम समाजाचा कल बदलला" असा मथळा छापून येईल, वाहिन्यांवर चर्चा झडेल, आपल्या मोहल्ल्याच्या ग्रुपवर कुणी खूश होईल, कुणी हताश. कदाचित काहीही बदललेलं नसेल. डबा तोच, मूठ दुसरी.

जी जमात लहान, तिचा पट्टा रुंद. प्यू रिसर्च सेंटरने 2021 मध्ये भारतातल्या धर्मांवर मोठा अहवाल काढला. जवळजवळ 30 हजार लोकांशी बोलून तो तयार झाला होता. त्यात मुसलमान 3,336 होते, बौद्ध 719 आणि जैन 109. तीस हजारांचा आकडा ऐकून माणूस दबतो. पण नाशिकच्या एखाद्या जैन शेजाऱ्याला "तुमच्यातले इतके टक्के असं मानतात" म्हणून सांगायला जाल, तर लक्षात ठेवा, त्या वाक्यामागे 109 माणसं आहेत आणि पट्टा किमान साडेनऊ टक्क्यांचा आहे. किमान म्हणतो, कारण अशा पाहण्या गावं आणि वस्त्या निवडून त्यांतल्या घरांत जातात. एका गल्लीतली माणसं एकमेकांसारखी बोलतात, त्यामुळे पट्टा आणखी फुगतो.

आपल्या विरोधकांनी असे आकडे वापरले की आपण लगेच ओरडतो. आपल्या बाजूचा आकडा आला की मात्र कुणी पट्टा विचारत नाही. आपल्याच व्यासपीठांवर मी टक्केवाऱ्या ऐकल्या आहेत, ज्या कुठल्या डब्यातून निघाल्या हे बोलणाऱ्यालाही सांगता आलं नसतं. 2014 मध्ये शिक्षण आणि नोकऱ्यांत 5 टक्के आरक्षणाचा अध्यादेश निघाला, तो महमूदुर रहमान समितीच्या अहवालानंतर. पुढे मुंबई उच्च न्यायालयात शिक्षणापुरतं ते टिकलं, नोकऱ्यांतलं थांबलं, आणि नंतर कायदाच झाला नाही म्हणून सगळंच विरलं. आरक्षणाचा कोणताही प्रश्न आज कोर्टात गेला की पहिला सवाल असतो, आकडेवारी कुठे आहे? त्या वेळी भाषणातले टक्के कामाला येत नाहीत.

पण पट्ट्याची एक मोठी उणीव आहे, आणि ती माझ्याच मुलांनी मला दाखवली. चिंचोक्यांनंतर मी त्यांना खरी पाहणी करायला सांगितली. प्रश्न त्यांनीच ठरवला: मुलीने बारावीनंतर शिकावं का? पोरं जुम्याच्या नमाजनंतर मशिदीबाहेर उभी राहिली आणि 64 जणांना विचारून आली. 48 जण 'हो' म्हणाले. 75 टक्के. 64 चं वर्गमूळ 8, म्हणून पट्टा साडेबासष्ट ते साडेसत्त्याऐंशी. पोरं खूश, मीही खूश. हिशेब तोंडावर होता त्यांच्या.

मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, "सर, माझ्या अम्मीला कुणी विचारलंच नाही."

64 च्या जागी 6,400 पुरुषांना विचारलं असतं तर पट्टा अरुंद, देखणा झाला असता आणि तिची अम्मी तरीही बाहेरच राहिली असती. पट्टा फक्त नशिबाने होणारी चूक मोजतो. मूठ डब्याच्या एकाच कोपऱ्यात जात असेल तर त्याला पत्ता नसतो. 2022 मध्ये बांठिया आयोगाच्या कामात ओबीसी कोण हे आडनावांवरून ठरवलं जातंय, अशी ओरड झाली. छगन भुजबळांनीही हरकत घेतली. आपल्यासाठी ती हरकत किती मोलाची होती, याची चर्चा आपल्यात फारशी झाली नाही. शेख हे आडनाव पाहून तो तांबोळी आहे, पिंजारी आहे की आणखी कुणी, हे कोण सांगणार? तिथे लाखो नावं चाळली तरी चाळणी वाकडीच.

दहावीच्या पुस्तकात सांख्यिकीचा धडा आहे. मध्य, मध्यक, बहुलक, आयतालेख, वृत्तालेख. मुलं ते पाठ करून गुण मिळवतात. थोड्यांवरून सगळ्यांबद्दल काय म्हणता येतं आणि काय येत नाही, हे त्यात नाही. माझं म्हणणं आहे की ते नववी-दहावीतच यावं, सूत्र नंतर आलं तरी चालेल. डबा, चिंचोके आणि फळा, खर्च काही नाही. परीक्षेत प्रश्न पडणार नाही म्हणून शिकवायचं नाही, हा युक्तिवाद मी पालकांकडून ऐकतो तेव्हा उत्तर द्यायचंही सुचत नाही. मतदार व्हायला या मुलांना दोन-चार वर्षं उरली आहेत.

आता मुलींनी पाहणी हातात घेतली आहे. आधी गल्लीतल्या घरांची यादी केली, चिठ्ठी टाकून पहिलं घर ठरवलं, तिथून दर पाचव्या घरी जातात आणि चिठ्ठीनेच ठरतं की त्या घरातल्या कोणत्या मोठ्या माणसाला विचारायचं. एका घरी दादीने, सुनेचं मत काय विचारता, मी सांगते, म्हणून दार अडवलं. तिथे पुढच्या आठवड्यात पुन्हा जायचं ठरलंय. आजवर 38 घरं झाली आहेत. पट्टा अजून रुंद आहे.