ब्रिटनच्या वहीतली उतरती रेघ

मुलांनो,

तारीख होती ३० सप्टेंबर २०२४. त्या एकाच दिवशी ब्रिटनमध्ये दोन मोठ्या आगी विझल्या. पहिली नॉटिंगहॅम शहराजवळच्या रॅटक्लिफ वीजकेंद्रातली. कोळसा जाळून वीज करणारं ब्रिटनमधलं हे शेवटचं केंद्र. दुसरी आग वेल्समधल्या पोर्ट टॅलबट इथल्या पोलाद कारखान्याची. तिथली उरलेली शेवटची झोतभट्टी त्या दिवशी थंड झाली. हा कारखाना आपल्या टाटा स्टीलचा बरं का! २००७ साली टाटांनी तो विकत घेतला होता.

दोन्ही आगी विझल्यामुळे ब्रिटनचे हरितगृह वायू कमी झाले. पण या दोन ‘कमी’मध्ये फरक आहे. तो कोणता, हे आज शोधून काढू या.

आधी उजळणी. कार्बन डायऑक्साइड, मिथेन असे काही वायू पृथ्वीची उष्णता हवेत अडवून धरतात, म्हणून त्यांना हरितगृह वायू म्हणतात. कोळसा, पेट्रोल, नैसर्गिक वायू जाळला की कार्बन डायऑक्साइड तयार होतो. आता एक गंमत ऐका. एक किलो चांगला दगडी कोळसा जाळला, तर हा वायू निघतो दोन किलोंहून जास्त! हे जास्तीचं वजन आलं कुठून? कोळशातला कार्बन जळताना हवेतला ऑक्सिजन सोबत घेतो ना, त्याचं ते वजन.

मग एका अख्ख्या देशाचा वायू मोजतात कसा? प्रत्येक धुराड्यावर तराजू लावतात की काय? छे! वाण्याच्या खातेवहीसारखा हिशेब करतात. देशात वर्षभरात किती कोळसा जळला, किती पेट्रोल जळलं, गाईगुरं किती, कचरा किती, याची नोंद असते. त्यावरून वायू किती निघाला ते गणितानं काढतात. मिथेनसारखे वायू कार्बन डायऑक्साइडच्या मापात बदलून घेतात आणि सगळ्यांची एकच बेरीज करतात. बरेचसे देश ही बेरीज १९९० सालाशी ताडून पाहतात.

आता ब्रिटनची वही उघडू या. कोळशाच्या बाबतीत हा देश सगळ्यांच्या पुढे होता. वाफेची इंजिनं, कापडगिरण्या, आगगाड्या, सगळं कोळशावर. १८८२ साली लंडनच्या हॉलबर्न व्हायाडक्ट भागात कोळशावर चालणारं वीजकेंद्र सुरू झालं. लोकांना वीज पुरवणाऱ्या जगातल्या पहिल्या केंद्रांपैकी ते एक. १९१३ साली तर ब्रिटनच्या खाणींतून २८ कोटी टनांहून जास्त कोळसा निघाला!

याची किंमतही मोजावी लागली. डिसेंबर १९५२ मध्ये धूर आणि धुकं मिसळून लंडनवर पाच दिवस असं बसलं, की माणसाला स्वतःचे पाय दिसेनात. हजारो माणसं दगावली. त्यानंतर १९५६ मध्ये स्वच्छ हवेचा कायदा आला. काळा धूर कमी झाला. पण कार्बन डायऑक्साइडला ना रंग ना वास. तो वाढतच राहिला आणि १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला सगळ्यात वर पोचला.

मग रेघ उतरू लागली. १९९० साली ब्रिटनचे हरितगृह वायू होते वर्षाला सुमारे ८० कोटी टन. २०२३ साली ते ४० कोटी टनांच्याही खाली आले. म्हणजे निम्म्याहून कमी! आणि या काळात देशाची लोकसंख्या वाढली होती, हे लक्षात घ्या.

हे झालं कसं? सगळ्यांनी पृथ्वीच्या काळजीनं कोळसा सोडला, असं वाटलं ना? तसं नाही. ब्रिटनला उत्तर समुद्राच्या तळाशी नैसर्गिक वायू सापडला होता. १९९० च्या दशकात त्यावर वीज करणं स्वस्त पडू लागलं. तेवढीच वीज करायला या वायूतून कोळशाच्या निम्माच कार्बन डायऑक्साइड निघतो. म्हणजे पहिली उतरण आली ती पैशाच्या हिशेबानं. कोळशाच्या खाणी तर त्याआधीच बंद पडू लागल्या होत्या. त्याविरुद्ध खाणकामगारांनी १९८४-८५ मध्ये वर्षभर संप केला. खाणी वाचल्या नाहीत. गावंच्या गावं बेकार झाली.

दुसरी उतरण मात्र ठरवून आणलेली. २००८ साली ब्रिटनच्या संसदेनं वायू कमी करण्याचा कायदा केला. २०१३ पासून वीजकेंद्रांतल्या कोळशावरचा कर वाढवला. समुद्रात पवनचक्क्यांच्या रांगा उभ्या राहिल्या. २०१२ मध्ये विजेतला सुमारे ४० टक्के वाटा कोळशाचा होता, तो बारा वर्षांत शून्यावर आला.

शाबास म्हणायचं ना? म्हणू या. पण त्याआधी एक छोटं कोडं.

मे महिन्यात तुम्ही सगळे पंधरा दिवस मामाच्या गावी गेलात. त्या महिन्यात तुमच्या घरचं विजेचं बिल एकदम कमी आलं. वीज वाचली का हो? पंखा तर तुम्ही मामाकडेही लावलात, टीव्हीही पाहिलात. युनिटं पडली ती मामाच्या मीटरवर!

देशांचंही असंच होतं. ब्रिटनमध्ये पूर्वी तयार होणाऱ्या कितीतरी वस्तू आता बाहेरच्या देशांतून येतात. त्या करताना निघालेला वायू लिहिला जातो त्या-त्या देशाच्या वहीत. ब्रिटनच्या बेरजेत तो धरतच नाहीत. परदेशी जाणारी विमानं आणि जहाजं यांचा धूरही त्या बेरजेबाहेरच राहतो.

आता त्या दोन आगींकडे परत या. रॅटक्लिफ बंद झालं, पण दिवे जळतच राहिले. वीज वाऱ्यापासून, नैसर्गिक वायूपासून, अणुशक्तीपासून आली. हा वायू बराचसा खरोखरच कमी झाला. पोर्ट टॅलबटला मात्र लोखंड तयार होणंच थांबलं. दोन हजारांवर नोकऱ्यांवर गदा आली. तिथे आता भंगार वितळवणारी विजेवरची भट्टी व्हायची आहे. पण तोवर पोलाद बाहेरून आणायचं, म्हणजे त्याचा धूर दुसऱ्याच्या मीटरवर! हवेला मात्र देशाच्या सीमा कळत नाहीत.

आणि रेघ उतरली म्हणजे हवेतला वायू कमी झाला, असं समजू नका हं. नळाची धार बारीक केली तरी पिंप भरतच राहतं. कार्बन डायऑक्साइडचा बराच भाग शेकडो वर्षं हवेत राहतो. म्हणजे जुन्या इंजिनांनी सोडलेल्या वायूचा काही भाग आजही आपल्या डोक्यावर आहे!

“आणि आपल्या देशाचं काय?” हा प्रश्न तुमच्या मनात आला असेलच. भारताची रेघ चढती आहे. १९९० साली आपला कार्बन डायऑक्साइड वर्षाला सुमारे ६० कोटी टन होता, आता तो सुमारे ३०० कोटी टन आहे. चंद्रपूर, कोराडी इथल्या केंद्रांसारखीच देशातली बरीचशी वीज आजही कोळशावर होते. मग भारत ब्रिटनपेक्षा वाईट का? थांबा, माणशी हिशेब करा. ब्रिटनमध्ये माणशी साडेचार टनांच्या आसपास, भारतात माणशी सुमारे दोन टन. आपल्याकडे १९९० साली कितीतरी घरांत साधा दिवाही नव्हता. तो लागला, ही चांगलीच गोष्ट झाली. पण आपलं पिंपही तेच आणि हवाही तीच. म्हणून यापुढचे दिवे कशावर लावायचे, हा प्रश्न तुमच्या पिढीचा आहे. आणि खाणीत, भट्टीवर काम करणाऱ्यांच्या पोटाचं काय, हाही त्याच प्रश्नाचा भाग आहे.

तेव्हा अशी उतरती किंवा चढती रेघ कुठे दिसली, तर तीन प्रश्न विचारायचे. या बेरजेत काय धरलंय आणि काय सोडलंय? माणशी किती पडतं? आणि कमी झालं, ते खरंच संपलं की दुसऱ्याच्या वहीत गेलं?

या आठवड्याचा उद्योग : घरची वर्षभराची विजेची बिलं मागून घ्या. प्रत्येक महिन्याची युनिटं आलेख-कागदावर मांडा आणि ठिपके जोडा. रेघ जिथे चढली किंवा उतरली, तिथे कारण लिहा. कारण सापडलं नाही तर आईला विचारा. तिला नक्की ठाऊक असेल!

भेटू पुढच्या अंकात.

— तुमच्या बाई