संसारांतील शास्त्र : टिकावें किती आणि जिरावें केव्हां ?

बाजारांतून आणलेल्या पिशवीवर हिरव्या पानाचें चित्र आणि “मातींत मिसळणारें प्लॅस्टिक” अशीं अक्षरें हल्लीं पुष्कळदां दृष्टीस पडतात. महाराष्ट्र सरकारनें २३ मार्च २०१८ रोजीं प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी घातली व १ जुलै २०२२ पासून एकदांच वापरून टाकावयाच्या कित्येक प्लॅस्टिकच्या वस्तूंवर देशभर बंदी आली. तेव्हांपासून या नव्या द्रव्याविषयींचें कुतूहल वाढलें आहे. तें खरोखर मातीस मिळतें काय, आणि मिळत असेल तर घरीं येईपर्यंत टिकतें कसें, असा प्रश्न चौकस गृहिणीस पडणें साहजिक आहे. या महिन्यांत त्याचाच विचार करूं.

प्रथम एक गोष्ट ध्यानांत घेतली पाहिजे. लांकूड, कापूस, ताग हे पदार्थ कुजतात, ते केवळ नाजूक असतात म्हणून नव्हे. सागाचें खोड शंभर वर्षें उभें राहतें व तरीहि शेवटीं मातीस मिळतें. त्याचा रेणु म्हणजे साखरेच्या मण्यांची लांबच लांब माळ असून, तिची गांठ सोडविणारीं पाचक द्रव्यें कांहीं सूक्ष्म जंतूंजवळ असतात. खनिज तेलापासून केलेल्या पॉलिथीनच्या माळेंत अशी सुटणारी गांठच नाहीं. म्हणून तें जंतूंस पचत नाहीं.

मग वनस्पतींतील द्रव्यें जशींच्या तशीं घेऊन पिशव्या कां करूं नयेत ? ज्यांच्या गच्चीवर उन्हाळ्यांत साबुदाण्याच्या पापड्या वाळतात, त्यांना याचें उत्तर ठाऊक आहे. वाळलेली पापडी कांचेसारखी दिसते खरी, पण बोट लागतांच मोडते. आणि पावसाळी हवेंत तीच सादळून लिबलिबीत होते. पिष्टाचा तो स्वभावच आहे. म्हणून रसायनशास्त्रज्ञ अशा माळांवर संस्कार करतात. मण्याला दुसरा लहान रेणु जोडावयाचा, दोन जातींचे मणी एकाच माळेंत ओवावयाचे, किंवा शेजारच्या माळा आडव्या टांक्यांनीं एकमेकींस शिवावयाच्या, असे या संस्कारांचे मुख्य प्रकार आहेत. त्यांच्या योगानें पदार्थास लवचीकपणा येतो, पाणी व उष्णता सोसण्याचें बळ येतें.

परंतु खरी मेख येथेंच आहे. कापसाचें उदाहरण घ्या. हिंगोली-परभणीच्या काळ्या रानांत पिकणारा कापूस म्हणजे जवळजवळ शुद्ध सेल्युलोज. त्याच्या प्रत्येक मण्यावर रासायनिक जोडणीस मोकळ्या अशा तीन जागा असतात. शिरक्याला आंबटपणा देणाऱ्या आम्लाचा अंश तेथें बसविला कीं सेल्युलोज ॲसिटेट तयार होतें. छायाचित्रांच्या जुन्या फिती आणि चष्म्यांच्या चौकटी याच द्रव्याच्या. तिन्ही जागा भरल्या तर पदार्थ पाण्यास सहसा दाद देत नाहीं; पण मग जंतूंनाहि ती माळ ओळखूं येत नाहीं, व तो वर्षानुवर्षें पडून राहतो. थोड्याच जागा भरल्या तर तो मातींत जिरतो, पण ओलाव्यापुढें दुबळा ठरतो. कापूस दोन्ही वेळां तोच. भेद पडला तो संस्काराच्या मात्रेनें. तेव्हां ‘वनस्पतिजन्य’ म्हणजे ‘कुजणारें’ हा समज फसवा आहे.

दुसरें उदाहरण दह्याचें. ज्याच्या योगानें दही आंबट होतें तें लॅक्टिक आम्ल, साखरेवर जंतु वाढवून मोठ्या प्रमाणावर काढतां येतें. आणि त्याच्या माळा गुंफून ‘पीएलए’ नांवाचें प्लॅस्टिक करतात. पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीजनें ऑक्टोबर २०२४ मध्यें जेजुरी येथें अशा द्रव्यांचें प्रात्यक्षिक केंद्र उघडलें. म्हणजे उसाच्या मुलखाला हा विषय आतां परका राहिलेला नाहीं. पीएलएचा दोष असा कीं तें ठिसूळ असतें व साठ अंशांच्या सुमारास मऊ पडतें. वाफाळलेला चहा ओतला तर पेला आपला आकार सोडतो. मात्र या आम्लाचे रेणु दोन प्रकारचे असून ते उजव्या-डाव्या हातांप्रमाणें एकमेकांचीं प्रतिबिंबें असतात. १९८७ सालीं जपानांतील क्योटो येथील संशोधकांनीं दाखवून दिलें कीं, उजव्या व डाव्या माळा एकत्र केल्या असतां त्या नमस्कारासाठीं जोडलेल्या तळव्यांप्रमाणें घट्ट बसतात, आणि वितळण्याची मर्यादा सुमारें १८० अंशांवरून २३० अंशांपर्यंत चढते.

संस्कारानें वस्तूचें आयुष्यहि ठरवितां येतें. शस्त्रक्रियेनंतरचे ‘आपोआप विरघळणारे टांके’ कित्येकांनीं अनुभवले असतील. त्यांतील एका प्रसिद्ध धाग्यांत ग्लायकोलिक आम्लाचे नव्वद व लॅक्टिक आम्लाचे दहा या प्रमाणांत मणी ओवलेले असतात, आणि तो सुमारें दोन-सवादोन महिन्यांत शरीरांत जिरून जातो. प्रमाण बदललें कीं मुदत बदलते. जखम भरेपर्यंत टिकावें व भरल्यावर उरूं नये, एवढेंच त्या धाग्याचें काम.

आतां हिंगोली जिल्ह्याचें खरें वैभव जी हळद, तिच्याकडे वळूं. वसमतच्या हळदीस २०२४ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें. हळदीला चुना लागला कीं ती लाल होते, हें कुंकू करणाऱ्या घरांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. हा पालट करणारें द्रव्य म्हणजे कर्क्युमिन. संशोधकांनीं तें पिष्टाच्या, किंवा कोळंबीच्या कवचापासून काढलेल्या कायटोसानच्या, पातळ पडद्यांत मिसळून पाहिलें आहे. असा पडदा वेष्टनांत ठेवला आणि आंतील मासळी नासूं लागली, तर तिच्यांतून निघणाऱ्या अमोनियासारख्या क्षारधर्मी वायूंनीं पिवळा पडदा तांबूस होतो व पुडा न फोडतां सूचना मिळते. अडचण एवढीच कीं, कापडावरचा हळदीचा डाग जसा उन्हांत उडतो, तसा हा रंगहि प्रकाशानें फिका पडतो. शिवाय नुसता मिसळलेला रंग अन्नांत उतरूं शकतो. म्हणून तो माळेलाच रासायनिक रीतीनें बांधून टाकण्याचे प्रयत्न चालू आहेत.

हळदीच्या शेतांत हाच प्रश्न अधिक गंभीर रूप घेतो. तण व बाष्पीभवन थांबविण्यासाठीं पिकांत अंथरावयाचा ‘मल्चिंग पेपर’ सामान्यतः पॉलिथीनचा असतो. तो पुरता गोळा झाला नाहीं तर त्याच्या चिंध्या नांगरटीबरोबर मातींत जातात आणि पुढल्या पिढीच्या वांट्यास येतात. त्याऐवजीं मातींत जिरणारें आच्छादन हवें हें खरें. पण हळद आठ-नऊ महिने रानांत उभी असते. तीन महिन्यांत विरणारें आच्छादन भाजीपाल्यास पुरेल, हळदीस पुरणार नाहीं. आणि नऊ महिने टिकविण्यासाठीं संस्काराची मात्रा अधिक झाली, तर तें पुढें जिरणार नाहीं. मात्रेचा हा हिशेब ज्याला साधेल, तो शेतकऱ्याचें मोठें ऋण फेडील.

गृहस्थाश्रमी वाचकांनीं यांतून काय घ्यावें ? पीएलए जिरतें, पण सुमारें ५८ अंश उष्णता व भरपूर ओलावा असलेल्या मोठ्या खतकारखान्यांत. अंगणांतील खड्ड्यांत किंवा ओढ्याकांठीं तें वर्षानुवर्षें राहूं शकतें. पॉलिथीनमध्यें धातूंचे क्षार घालून केलेल्या कांहीं पिशव्या नुसत्या तुकडे होतात. तुकडे होणें म्हणजे जिरणें नव्हे. म्हणून पिशवीवरील हिरव्या पानास न भुलतां ‘कंपोस्टेबल’ हा शब्द, आयएस १७०८८ हें प्रमाण आणि केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचें प्रमाणपत्र यांचा उल्लेख पाहावा; आणि तीहि पिशवी ओल्या कचऱ्याच्या योग्य व्यवस्थेंतच पडेल असें करावें. जेथें कापडी पिशवीनें किंवा पळसाच्या पत्रावळीनें काम भागतें, तेथें रसायनशास्त्रास शीण देण्याचें कारणच नाहीं. जेथें भागत नाहीं, तेथें वस्तु विकत घेतांना ती किती टिकेल याबरोबरच ती कोठें व किती दिवसांत जिरेल, हेंहि दुकानदारास विचारण्याची संवय मुलाबाळांना लागली पाहिजे.