डॉक्टरसाहेब, लेकराशीही बोला

सिकलसेलचे लेकरू घेऊन दवाखान्यात गेलेल्या आईबापांना हे दृश्य ओळखीचे आहे. दहा वर्षांचे पोर बाकावर कण्हत असते. डॉक्टर वडिलांना विचारतात, "कधीपासून दुखते?" वडील अंदाजाने सांगतात. पोर हळूच म्हणते, "पाय ठनकून रायला जी." तोवर चिठ्ठी लिहून झालेली असते. ज्याचे दुखणे त्यालाच कोणी विचारत नाही, ही आमची तक्रार आहे.

चिमूरपासून गडचिरोलीच्या जंगलापर्यंत बौद्ध आणि आदिवासी वस्त्यांत हा आजार घरोघरी माहीत आहे. तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडे, सांधे असह्य दुखतात. बाहेरून मात्र बरेचदा काहीच दिसत नाही. म्हणून "शाळा बुडवायचे नाटक" असा शिक्का बसतो. हे दुखणे मोजणारे यंत्र नाही. लेकराचा शब्द हीच तपासणी. लहान लेकराला सांगता येत नसेल, तर कागदावर हसऱ्यापासून रडक्यापर्यंत सहा चेहरे काढा आणि बोट ठेवायला सांगा. याला खर्च लागत नाही.

दुसरे, खोटे बोलू नका. "काही दुखणार नाही" म्हणत सुई टोचली, की विश्वास संपला. या लेकराला जन्मभर दवाखान्यात यायचे आहे. पुढच्या वेळी भीतीने ते घरी दुखणे लपवते. सिकलसेलच्या लेकराला ताप आला, तर असा उशीर जिवावर बेतू शकतो. त्यापेक्षा म्हणा, "थोडे टोचेल. आपण दहा मोजू. कोणता हात देतोस?"

तिसरे, लेकराच्या डोक्यावरून बोलू नका. "तुमच्या समाजात हे असतेच", "याचे काही खरे नाही" ही वाक्ये त्याच्या कानावर पडतात आणि तिथेच राहतात. त्याला खरे सांगा. हा आजार संसर्गाचा नाही, कोणाचा दोषही नाही. आईवडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात मूल आजारी होण्याची शक्यता २५ टक्के असते. वाहकाला जीवघेण्या मलेरियापासून काही प्रमाणात संरक्षण मिळते, म्हणून मलेरियाच्या मुलखात हा गुण टिकला. यात लाजण्यासारखे काय आहे? पूर्वजन्मीच्या पापाची भाषा आपण १९५६ च्या दीक्षेबरोबरच सोडली आहे.

भाषेचेही तसेच. हेमलकशाला १९७३ साली लोक बिरादरी प्रकल्प सुरू झाला, तेव्हा डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे माडिया शिकले. प्रत्येक डॉक्टरला ते जमणार नाही, पण गोंडी बोलणाऱ्या लेकरासाठी त्याची बोली जाणणाऱ्या आशाताईला जवळ बोलावणे जमेल.

ओपीडीतली गर्दी आम्हाला दिसते. डॉक्टर एक आणि रांग दारापर्यंत. तरीही "कुठे दुखते?" आणि "तुला काही विचारायचे आहे का?" या दोन प्रश्नांना अर्धा मिनिट लागतो. बालकाचे म्हणणे ऐकले जावे, हा हक्क संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारात आहे आणि भारताने तो १९९२ साली मान्य केला आहे. २०४७ पर्यंत सिकलसेल संपवण्याचे राष्ट्रीय अभियानही २०२३ पासून सुरू आहे. तपासणी होते, कार्ड मिळते. पण रोज गोळी का घ्यायची, पाणी भरपूर का प्यायचे, थंडीत का जपायचे, हे कार्ड समजावत नाही. ज्याला कारण कळते, ते पोर गोळी स्वतः मागून घेते.

आपणही सुधारले पाहिजे. "गप बस, नाहीतर सुई टोचायला लावीन" ही धमकी घरातून बंद करा. डॉक्टरांनी लेकराला विचारले, तर उत्तर त्यालाच देऊ द्या. आणि त्यांनी विचारले नाही, तर आपणच नम्रपणे म्हणू, "साहेब, एकदा त्यालाच विचारा जी."