ओळखीची गोष्ट पुन्हां पाहावी काय?

जपानांत तयार होणाऱ्या चित्रमालिकांना तिकडे व आतां इकडेहि 'ॲनिमे' असें म्हणतात. त्यांचा नाद आपल्या विद्यार्थिवर्गांत किती पसरला आहे, हें मधल्या सुटींत वर्गाबाहेर क्षणभर उभें राहिल्यास कोणासहि कळून येईल. ज्याला त्याला आपली मालिका सर्वांत थोर वाटते. आणि जी आवडत नाहीं तिच्यावर बहुधा एकच शिक्का मारण्यांत येतो. तो असा, कीं "तींत पुढें काय होणार तें आधींच कळतें." हा शिक्का मींहि पुष्कळ वेळां मारला आहे. तो मारतांना आपण नेमकें काय म्हणतों, याचा विचार करण्याचा प्रसंग मात्र गेल्या दिवाळीच्या सुटींत आला.

माझ्या वडील बंधूंनीं 'रेकॉर्ड ऑफ लोडोस वॉर' या जुन्या मालिकेच्या तबकड्यांचा संच मिळविला होता. तेरा भागांची ही मालिका जपानांत १९९० व १९९१ सालीं निघाली. लोडोस नांवाचें एक शापित बेट. तेथील एका खेड्यांतला पार्न हा पोरका, शूर व काहींसा उतावळा तरुण. आणि त्याचे सोबती म्हणजे एतो हा पुरोहित, स्लेन हा मांत्रिक, गिम हा ठेंगू जातीचा वीर, वूडचक हा चोर, व शेंकडों वर्षें जगणाऱ्या वनवासी एल्फ जातीची डीडलिट. शत्रुपक्षीं मार्मो बेटाचा सम्राट बेल्ड. मीं बंधूंच्या शेजारीं बसून एकेक भाकित मोठ्यानें सांगूं लागलों : हा आतां बापाची तरवार उचलणार, ही आतां याच्यावर रुसणार, तो म्हातारा राजा आतां मरणार. बहुतेक भाकितें खरीं ठरलीं. खरें पाहतां त्यांत माझी हुशारी कांहींच नव्हती. कारण पहिला भाग मधूनच सुरू होतो, सहाहि सोबती एकत्र जमून ठेंगूंच्या भुयारांतून चाललेले दिसतात, आणि ते कसे जमले तें सांगण्यासाठीं दुसरा भाग मागें जातो. मालिका आपल्या हातचीं पानें आपणच उघडीं करून दाखविते. बंधूंनीं माझी बडबड निमूटपणें ऐकून घेतली, आणि दुसऱ्या दिवशीं सकाळीं पहिली तबकडी पुन्हां लावली! ज्या गोष्टीचा शेवट ठाऊक आहे, किंबहुना जी कालच पाहिली आहे, ती पुन्हां कशासाठीं पाहावयाची?

या प्रश्नाचें उत्तर शोधतां शोधतां मालिकेच्या जन्माची हकीकत हातीं आली, आणि ती मला मालिकेइतकीच मनोरंजक वाटली. लोडोसची कथा मुळांत एक खेळ होती. अमेरिकेंत १९७४ सालीं 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा बैठा खेळ निघाला. त्यांत प्रत्येक खेळाडू एकेका पात्राचें सोंग घेतो, एक जण सूत्रधार होतो, आणि तरवारीचा वार लागला कीं हुकला हें फांसे टाकून ठरतें. र्यो मिझुनो यांच्या सूत्रधारपणाखालीं जपानांत असा एक डाव मांडला गेला व त्यांतील संभाषणें १९८६ पासून 'कॉम्प्टिक' या मासिकांत छापून येऊं लागलीं. मिझुनो यांची पहिली कादंबरी १९८८ सालची, चित्रमालिका त्यानंतरची. जिच्या सौंदर्याची वाखाणणी अजून चालते ती डीडलिट त्या डावांत कोणी तरुणी खेळत नव्हती. हिरोशी यामामोतो हे लेखक गृहस्थ तिचें सोंग वठवीत होते!

आतां मालिका ओळखीची कां वाटते तें उघड झालें. योद्धा, मांत्रिक, पुरोहित, चोर, ठेंगू, एल्फ हीं त्या खेळाच्या नियमपुस्तकांतलीं सोंगें आहेत. आणि नियमपुस्तकानें त्यांतलीं कित्येक टोल्कीन यांच्या १९५४–५५ मधील महाकादंबरीवरून घेतलीं. साचा दोन हातांतून फिरून जपानांत आला, मग त्यांतून निघणारी मूर्ति अनोळखी कशी असणार? परंतु गंमत अशी, कीं ज्यांनीं ही कथा प्रथम अनुभवली त्यांना पुढें काय होणार याची बिलकुल कल्पना नव्हती. फांसा हातांतून सुटेपर्यंत सूत्रधारासहि ती नसते. पडद्यावर येतांना फांसे गळाले आणि साचा तेवढा उरला. म्हणून मला वाटतें, अशा मालिकेस विचारण्याचा खरा प्रश्न "शेवट ओळखतां आला काय?" हा नव्हे. पात्रांना त्या शेवटाची किंमत भरावी लागते काय, हा होय.

या कसोटीस मालिकेचे पहिले आठ भाग बहुतांशीं उतरतात. त्यांतली कार्ला ही मायाविनी साच्यांतली दुष्टा नव्हे. कोणत्याहि पक्षाचा पुरा जय झाला तर बेटाचा नाश ओढवेल, अशी तिची समजूत आहे. म्हणून ती कधीं याला तर कधीं त्याला हात देऊन तराजूचे कांटे सारखे राखूं पाहते. तिचा देह केव्हांच गेला असून आत्मा एका शिरोभूषणांत वसतो, आणि तें जो डोक्यावर घालील तो तिचा दास होतो. लेलिया नांवाची एक मुलगी अशी तिच्या ताब्यांत सांपडली आहे. त्या मुलीच्या आईचे गिमवर उपकार आहेत, आणि मुलगी परत आणण्याकरितांच तो घराबाहेर पडला आहे. तो तिला सोडवील व स्वतः मरेल हें मीं तिसऱ्या भागांतच बोलून दाखविलें होतें. आठव्या भागांत तसेंच घडलें, आणि माझ्या तोंडून शब्द निघाला नाहीं. गोष्ट येथें थांबती तरी साजरी झाली असती. पण गळून पडलेलें तें शिरोभूषण वूडचक मोहानें उचलतो व डोक्यावर घालतो. गिमनें प्राण देऊन एक कैदी सोडविला आणि त्याच्याच सोबत्यानें कैदखाना पुन्हां भरला! हें भाकित मात्र मला साधलें नव्हतें.

पुढील पांच भागांविषयीं फार लिहिण्याजोगें नाहीं. डीडलिटला पळवून नेऊन एका निद्रिस्त देवतेपुढें बळी देण्याचा घाट घातला जातो, आणि पार्न तिला सोडवावयास निघतो. तो वेळेवर पोंचेल किंवा नाहीं अशी काळजी लहान मुलासहि वाटणार नाहीं. चित्रांतली हालचालहि येथें आटत जाते. स्थिर चित्र ठेवून त्यावरून दृष्टि सरकविण्याची युक्ति वारंवार योजिलेली दिसते. आरंभींच्या भागांत चिलखताच्या प्रत्येक कडीवर घेतलेले श्रम ज्यानें पाहिले त्याला ही काटकसर बोंचते.

ही काटकसर खपून कां जात नाहीं, याचें कारण मालिका ज्या रीतीनें प्रसिद्ध झाली त्यांत आहे. १९८३ च्या डिसेंबरांत जपानांत 'डॅलोस' ही मालिका दूरचित्रवाणीस वा चित्रगृहास न देतां थेट घरीं पाहावयाच्या कॅसेटवर काढण्यांत आली, व तेथून 'ओव्हीए' नांवाचा प्रकार रूढ झाला. लोडोस त्याच प्रकारची. दूरचित्रवाणीवरील मालिका एकदां दिसते व सरते. तिला पुढील आठवड्यापर्यंत उत्कंठा टिकविली कीं पुरे. परंतु जो मनुष्य पदरचे पैसे मोजून कॅसेट घरांत आणून ठेवतो, तो ती दहा वेळां पाहणार. दुसऱ्याच वेळीं उत्कंठा संपलेली असते. मग उरतें तें चित्रकाराचें काम, पात्राचा स्वभाव, आणि एखादें गिमचें मरण. २०१७ सालीं अमेरिकेंत ही मालिका ब्ल्यू-रे तबकडीवर निघाली. आमच्या घरीं आलेला संच त्याच आवृत्तीचा. तीवर रेषान्‌रेष स्वच्छ दिसते. अर्थात् पूर्वार्धाचें वैभव अधिक खुलतें, तशीच उत्तरार्धाची दैन्यावस्थाहि लपत नाहीं.

जपानी प्रेक्षकांना ओळखीच्या गोष्टीचें वावडें असतें तर सत्तेचाळीस स्वामिनिष्ठ योद्ध्यांचें 'चुशिंगुरा' नाटक केव्हांच विस्मृतींत गेलें असतें. १७४८ सालीं ओसाका येथें तें प्रथम बाहुल्यांच्या रंगभूमीवर आलें. पुढें काबुकींत गेलें, चित्रपटांत गेलें, आणि शेवट सर्वांस पाठ असतांहि आजपर्यंत लोक तें पाहतात. आपल्याकडे कीर्तनास बसलेल्या म्हाताऱ्या आजीबाईंना हरिश्चंद्राचें पुढें काय झालें तें ठाऊक नसतें काय? तरी रोहिदासाला सर्पदंश होतांच पदर डोळ्यांशीं जातोच. तेव्हां माझ्या वर्गबंधूंनीं एखाद्या मालिकेवर नेहमींचा शिक्का उचलण्यापूर्वीं ती एकवार पुन्हां पाहावी, अशी त्यांना विनंति आहे. दुसऱ्या खेपेस कंटाळा आला तर शिक्का खुशाल मारावा, आणि जोरानें मारावा. आजकाल निघणाऱ्या कित्येक मालिकांस तो शोभूनहि दिसेल.

बंधु पुढील महिन्यांत नोकरीनिमित्त परगांवीं जावयाचे आहेत. संच येथें ठेवणार कीं बरोबर नेणार, असें मीं त्यांना भीत भीत विचारलें. ते म्हणाले, "आठव्या भागापर्यंतच्या तबकड्या मी नेतों. उरलेल्या तूं ठेव. तुला भाकितें सांगावयास उपयोगी पडतील."