लेखणी कच्ची असली तरी माहिती पक्की हवी

ट्रायकोकार्ड, कामगंध सापळे, निंबोळी पावडर यांसारख्या निविष्ठा तयार करणाऱ्या छोट्या ग्रामीण उद्योगांसमोर एक ठरावीक अडचण उभी राहते. उत्पादन चांगले असते, परिसरात त्याची गरजही असते. परंतु ते शेतकऱ्यापर्यंत पोहोचत नाही. मोठ्या कंपन्यांकडे विक्रेत्यांचे जाळे आणि जाहिरातींसाठी पैसा असतो. बचत गटाकडे किंवा एखाद्या कृषी पदवीधराच्या छोट्या प्रयोगशाळेकडे यांपैकी काहीच नसते. अशा उद्योजकाला परवडेल असा एक मार्ग उरतो, तो म्हणजे कृषी नियतकालिके, साखर कारखान्यांची वार्तापत्रे आणि कृषी विज्ञान केंद्रांच्या घडीपत्रिका यांतून आपल्या विषयावर लेख लिहिणे. येथेच बहुतेकांचे पाऊल अडते. ‘आम्हाला लिहिता येत नाही’ हे उत्तर ठरलेले असते.

हे उत्तर तपासून पाहण्याची गरज आहे. जी व्यक्ती बांधावर उभी राहून कार्ड कधी लावावे, कुठे लावावे आणि फवारणी का टाळावी हे अस्खलितपणे समजावून सांगते, तीच व्यक्ती कागद समोर येताच गप्प होते. तिच्याकडे माहितीची उणीव नसते. लेख म्हणजे अलंकारिक भाषा, संस्कृतप्रचुर शब्द आणि भारदस्त प्रस्तावना, ही समजूत आड येते. कृषी लेखाच्या बाबतीत ही समजूत केवळ चुकीची नाही, तर हानिकारक आहे.

ट्रायकोकार्डचेच उदाहरण पाहावे. ट्रायकोग्रामा हा एक मिलिमीटरपेक्षाही लहान परोपजीवी कीटक आहे. त्याची मादी पतंगवर्गीय किडींच्या अंड्यांत स्वतःची अंडी घालते आणि किडीचा नाश अंडी अवस्थेतच होतो. प्रयोगशाळेत तो तांदळावरील पतंगाच्या, म्हणजे कोर्सिराच्या अंड्यांवर वाढवला जातो. एका कार्डावर साधारणतः १८ ते २० हजार अंडी असतात. परोपजीवीकरण झालेली अंडी तीन-चार दिवसांत काळी पडतात आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत प्रौढ कीटक बाहेर पडतात. म्हणजेच हे उत्पादन जिवंत आहे आणि त्याला काळाची मर्यादा आहे. कार्ड उशिरा लावले, उन्हात ठेवले, मुंग्यांच्या तोंडी पडले किंवा त्यावर रासायनिक कीटकनाशकाची फवारणी झाली, तर पैसे वाया जातात.

सर्वांत महत्त्वाची बाब अशी की ट्रायकोग्रामा अंड्यांवर काम करतो, अळीवर नाही. अळी खोडात शिरल्यानंतर लावलेले कार्ड त्या अळीचे काहीच बिघडवू शकत नाही. मावा, तुडतुडे, पांढरी माशी या रसशोषक किडींसाठीही ते नाही. ही दोन वाक्ये लेखात नसतील, तर बाकीची भाषा कितीही सुंदर असली तरी तो लेख अपुरा आहे. ही दोन वाक्ये असतील, तर व्याकरणाच्या दहा चुका असूनही तो लेख उपयोगी आहे. व्याकरण संपादक सुधारू शकतो. परंतु शेतात पाहिलेली आणि वहीत नोंदवलेली गोष्ट संपादकीय टेबलावर बसून कोणालाही भरता येत नाही.

लिहिता येत नाही म्हणून अनेक उद्योजक दुसरा मार्ग पत्करतात. पैसे देऊन कोणाकडून तरी लेख लिहून घेतला जातो, किंवा यंत्राकडून मजकूर तयार करून घेतला जातो. असा मजकूर गुळगुळीत असतो. पण त्यात ‘सर्व किडींवर प्रभावी’, ‘शंभर टक्के नियंत्रण’, ‘एकदाच वापरा आणि निश्चिंत व्हा’ अशी वाक्ये सहज शिरतात. लिहिणाऱ्याने कार्ड हातात धरलेले नसते, त्यामुळे ही वाक्ये खोटी आहेत हे त्याच्या लक्षात येत नाही. परिणाम मात्र शेतकरी भोगतो. उसात खोडकिडीने पोंगे वाळू लागल्यावर तो कार्ड आणतो, उपयोग होत नाही आणि ‘जैविक वगैरे काही चालत नाही’ असे मत तो गावभर सांगतो. एका अतिरंजित लेखामुळे एका उद्योगाचेच नव्हे, तर त्या परिसरातील जैविक कीड नियंत्रणाचे नुकसान होते. विश्वास परत मिळवण्यास पुढे अनेक हंगाम जातात.

या संदर्भात कायद्याची बाजूही ध्यानात घ्यावी लागते. ट्रायकोडर्मा, मेटाऱ्हायझियम, बॅसिलस थुरिंजिएन्सिस यांसारख्या सूक्ष्मजीवांवर आधारित कीडनाशकांना कीटकनाशक कायदा, १९६८ अन्वये नोंदणी आवश्यक आहे. परोपजीवी आणि परभक्षी मित्रकीटकांना अशी नोंदणी लागत नाही. ही सवलत छोट्या उद्योगांना उपकारक आहे. पण त्यामुळे उत्पादकाची नैतिक जबाबदारी वाढते. लेखातील दावा हाच अनेकदा शेतकऱ्यासाठी लेबलाचे काम करतो. म्हणून त्यातील प्रत्येक शब्द उत्पादकाने स्वतः तोलला पाहिजे.

उद्योगाने लेखनाची कास धरण्याची परंपरा मराठीला नवी नाही. लोखंडी नांगर तयार करणाऱ्या किर्लोस्कर कारखान्याने १९२० मध्ये ‘किर्लोस्कर खबर’ हे नियतकालिक सुरू केले. त्याची धुरा वाहणारे शंकरराव किर्लोस्कर यांचे शिक्षण चित्रकलेचे होते. कारखान्याची माहिती देण्यासाठी निघालेले हे पत्र पुढे ‘किर्लोस्कर’ मासिक म्हणून मराठी घराघरांत पोहोचले. केवळ स्वतःच्या मालाची स्तुती छापली असती, तर ते असे टिकले नसते. वाचकाला उपयोगी पडेल असे काही दिल्यावरच वाचक पुढचा अंक हाती घेतो, हा त्यातील बोध आजच्या छोट्या उद्योगालाही लागू पडतो.

मग कच्च्या लेखणीने लेख लिहावा कसा? सुरुवात कागदापासून न करता प्रश्नांपासून करावी. गेल्या हंगामात शेतकऱ्यांनी वारंवार विचारलेले आठ-दहा प्रश्न लिहून काढावेत. कार्ड केव्हा मागवावे, किती लागतील, पट्ट्या पानाच्या कोणत्या बाजूला टाचाव्यात, पाऊस आला तर काय करावे, फवारणी किती दिवस थांबवावी. प्रत्येक प्रश्नाला बांधावर देतो तेच उत्तर फोनवर ध्वनिमुद्रित करावे आणि जसेच्या तसे उतरवावे. त्यानंतर कोणत्या परिस्थितीत उपयोग होत नाही, हे स्वतंत्र परिच्छेदात सांगावे. एखाद्या प्लॉटवर अपयश आले असेल, तर तेही कारणासह लिहावे. एवढ्यावर लेख तयार होतो.

येथे विस्तार कार्यकर्त्याची भूमिका मोलाची ठरते. त्याने उद्योजकाच्या नावाने स्वतः लेख लिहून देऊ नये. तसे केल्यास सरकारी यंत्रणेचा आवाज आणि विक्रेत्याचा आवाज एकमेकांत मिसळतात. त्याने प्रश्न विचारावेत, किडीचे व मित्रकीटकाचे नाव, मात्रा आणि वेळ विद्यापीठाच्या शिफारशीशी पडताळून पाहावी आणि बोलीतील शब्द शक्यतो तसेच राहू द्यावेत. शेवटी ज्याने कधी कार्ड वापरलेले नाही अशा शेतकऱ्याला लेख मोठ्याने वाचून दाखवावा. जेथे तो थांबवून विचारतो, तेथे लेखात दुरुस्ती हवी. लेखाखाली ‘लेखक स्वतः या निविष्ठेचे उत्पादक आहेत’ ही ओळ असलीच पाहिजे. ती लपवण्यात जेवढा धोका आहे, तेवढाच ती सांगण्यात मान आहे.

मर्यादा छापल्या तर विक्री घटेल, ही शंका स्वाभाविक आहे. चुकीच्या वेळी येणारे गिऱ्हाईक कमी होईल, हे खरेच. पण ते गिऱ्हाईक तसेही दुसऱ्यांदा येणारे नव्हते. ट्रायकोकार्ड एकदा घेऊन भागत नाही. ठरावीक अंतराने त्याची प्रसारणे करावी लागतात आणि दर हंगामात ते नव्याने मागवावे लागते. अशा व्यवसायाचा आधार परत येणारा शेतकरीच असतो आणि तो परत येतो तो योग्य वेळी योग्य वापर कळल्यामुळे.

एक अट मात्र टाळता येणार नाही. ज्याच्याकडे प्रसारणाच्या तारखा, कीड दिसल्याच्या नोंदी आणि निकाल लिहिलेली वही नाही, त्याने लेखाची घाई करू नये. त्याने आधी एक हंगाम नोंदी कराव्यात. भाषेची उणीव मदतीने भरून निघते. निरीक्षणाची उणीव कोणत्याही भाषेने झाकली जात नाही.