रकान्यातील संख्या आणि यंत्रावरील हात

शासकीय नमुन्यांकडे वाङ्मयाचा अभ्यासक सहसा वळत नाही. नमुना ही भरावयाची वस्तू आहे, वाचावयाची नव्हे, असा समज रूढ आहे. परंतु ज्या संहितेच्या शब्दयोजनेवर कोणाचे अस्तित्व नोंदले जाईल आणि कोणाचे वगळले जाईल हे अवलंबून असते, ती बारकाईने वाचणे हे भाषेच्या अभ्यासकाचेही काम ठरते. सेबीने मे २०२१ मध्ये विहित केलेला व्यवसाय-दायित्व व शाश्वतता अहवाल ही अशीच एक संहिता होय. बाजारमूल्यानुसार पहिल्या १००० सूचिबद्ध कंपन्यांना २०२२-२३ ह्या आर्थिक वर्षापासून तो सादर करणे बंधनकारक झाले.

शाश्वतता म्हटले की धूर, सांडपाणी आणि वीज ह्यांचाच हिशेब डोळ्यांपुढे येतो. ह्या नमुन्यात मात्र माणसेही आहेत. अपंग कर्मचारी व कामगार किती, त्यांत कायम किती आणि अन्य किती, स्त्रिया किती आणि पुरुष किती, हे कंपनीला सांगावे लागते. कामाची जागा २०१६ च्या दिव्यांगजन हक्क कायद्यानुसार सुगम आहे काय आणि त्या कायद्यास अनुसरून समान संधीचे धोरण केलेले आहे काय, हेही विचारले जाते. ह्याचे मोल कमी लेखू नये. २०१२ च्या पूर्वरूपात केवळ कायम नोकरीतील अपंगांची संख्या विचारली जात असे. कंत्राटी माणूस त्या प्रश्नाच्या कक्षेतच नव्हता. शिवाय २०१६ च्या कायद्यातील चार टक्के आरक्षण शासकीय आस्थापनांपुरते आहे. खाजगी उद्योगांनी पाच टक्क्यांपर्यंत जावे ह्यासाठी शासनाने उत्तेजन द्यावे, एवढेच तो कायदा म्हणतो. अशा स्थितीत भागधारकांपुढे दरवर्षी छापून येणारी एक संख्या, मग ती शून्य का असेना, काही तरी बोलते.

तथापि नमुन्याचे खरे स्वरूप कळते ते त्याच्या दोन प्रकारच्या निर्देशकांवरून. काही निर्देशक अनिवार्य आहेत. उरलेल्यांना 'नेतृत्वदर्शक' असे भारदस्त नाव असून ते ऐच्छिक आहेत. कामावर गंभीर इजा किती जणांस झाली आणि मृत्यू किती झाले, ही माहिती अनिवार्य आहे. पण त्या जखमींपैकी किती जणांचे पुनर्वसन होऊन त्यांना योग्य काम मिळाले, हा प्रश्न नेतृत्वदर्शक वर्गात टाकलेला आहे. आपल्याच यंत्राने ज्याचा हात नेला त्याला पुन्हा कामावर घेतले किंवा नाही, हे सांगणे म्हणजे नेतृत्व! साध्या कर्तव्याची एवढी पदोन्नती क्वचितच झाली असेल. त्या प्रश्नाची वाक्यरचनाही पाहण्यासारखी आहे. जखमी, आजारी आणि मृत ह्यांना तो एकत्र बांधतो आणि त्यांना स्वतःला 'किंवा' त्यांच्या कुटुंबीयांना काम दिले काय, असे विचारतो. मृताच्या बाबतीत हे योग्यच आहे. पण हात गमावलेला तिशीतला कामगार घरी बसला आणि त्याच्या भावाला रखवालदाराची जागा मिळाली, तरी रकान्यात तोच एक आकडा पडणार. एका 'किंवा'मध्ये जिवंत माणूस आपल्या जागेवरून नाहीसा होतो.

येथे शब्दांचा प्रश्न उभा राहतो. जुन्या मराठीत थोटा, लुळा, पांगळा असे शब्द होते. ते निर्दय होते आणि शिवीसारखे वापरले जात. 'अपंग' व 'विकलांग' ह्यांनी ती धार बोथट केली. २०१५ च्या अखेरीस पंतप्रधानांच्या सूचनेनंतर 'दिव्यांग' हा शब्द शासनव्यवहारात रुळला. सेबीच्या इंग्रजी नमुन्यातही अपंगत्वाचा उल्लेख टाळून 'निराळ्या क्षमतेचे' अशा अर्थाची शब्दयोजना केलेली आहे. हेतू सौजन्याचा असेलही. परंतु ह्या सर्व शब्दांची नजर अंगावरच खिळलेली आहे. २०१६ च्या कायद्याची व्याख्या त्यापुढे गेलेली आहे : शारीरिक वा मानसिक न्यूनता आणि भोवतालचे अडथळे ह्यांच्या संयोगातून समाजातील सहभागाला बाध येतो, असे ती मानते. कारखान्यात अंगठा गमावलेल्या माणसाला दिव्य अंगाचा म्हणणे ही तर क्रूर विसंगती होय. त्याचे अंग दिव्यही नाही आणि त्याची क्षमता निराळीही झालेली नाही. दाबयंत्राला संरक्षक कडे नव्हते, ही त्या प्रसंगाची हकीकत असू शकते. आणि ती सांगण्यास त्या शब्दात जागाच नाही.

ही कल्पनाविलासाची गोष्ट नव्हे. हरियाणातील गुरुग्राम, मानेसर व फरिदाबाद ह्या पट्ट्यात मोटारींचे सुटे भाग बनविणाऱ्या कारखान्यांत दाबयंत्राखाली बोटे गमावणाऱ्या कामगारांची नोंद तेथील स्वयंसेवी कार्यकर्त्यांनी वर्षानुवर्षे केली आहे. असे कामगार बहुधा लहान पुरवठादाराकडे, कित्येकदा कंत्राटावर असतात. मोटारीवर ज्या कंपनीचे नाव असते तिच्या पटावर नसतात. पुरवठासाखळीची माहिती मागण्याचा सेबीचा विचार होता. २०२५ मध्ये ती ऐच्छिक करण्यात आली. टक्केवारीचा आणखी एक चकवा आहे. १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्याच्या परिशिष्टात एका हाताची दोन बोटे गेल्यास कमाईची शक्ती वीस टक्के, तर तीन बोटे गेल्यास तीस टक्के घटली असे धरले जाई. २०१६ च्या कायद्यात आरक्षणादी लाभांसाठी किमान चाळीस टक्के अपंगत्व लागते. दोन्ही मापे निरनिराळी आहेत, हे खरे. पण एका मापाने जो भरपाईस पात्र ठरला, तो दुसऱ्या मापाच्या उंबरठ्यापर्यंत पोचेलच असे नाही. ज्याची बोटे गेली तो मग कोणत्या रकान्याचा?

अधिक प्रश्न म्हणजे अधिक कागद, असा आक्षेप घेतला जाईल. पुष्कळ माणसे आपले अपंगत्व मालकास कळवू इच्छित नाहीत, हा त्याहून वजनदार आक्षेप आहे. बढती हुकेल, कामावरून दूर केले जाईल, ही भीती खरी असते आणि बळजबरीच्या गणनेने ती वाढेलच. म्हणूनच माणसांच्या संख्येपेक्षा अडथळ्यांची आणि अपघातानंतरच्या वागणुकीची चौकशी अधिक न्याय्य ठरते. जिना, शौचालय, यंत्राचे कडे, दृष्टिहीनास वाचता न येणारी संगणकप्रणाली ह्यांना लपण्याचे कारण नसते आणि त्यांची नोंद घेतल्याने कोणाची नोकरी जात नाही. सुगमतेविषयी आज पुरेसे वाटणारे 'होय' अशा यादीपुढे टिकणे कठीण आहे.

निदान दोन दुरुस्त्या तरी सेबीला सहज करता येतील. पुनर्वसनाचा प्रश्न अनिवार्य वर्गात आणावा, आणि जखमी कामगार व त्याचे कुटुंबीय ह्यांचे रकाने वेगळे करावेत. तिसरी गोष्ट भाषेची आहे. २०१७ च्या नियमांप्रमाणे समान संधीचे धोरण शक्यतो संकेतस्थळावर आणि तसे न केल्यास आस्थापनेत ठळक जागी लावावयाचे असते. सेबीचा नमुना धोरणाचा संकेतस्थळावरील दुवा मागतो आणि तेथे बहुधा इंग्रजी मजकूरच आढळतो. चाकणच्या कारखान्यात मराठवाड्यातला आणि बिहारमधला माणूस शेजारी-शेजारी उभे राहून काम करतात. ते धोरण त्यांच्या यंत्राजवळच्या भिंतीवर, मराठीत आणि हिंदीत, मोठ्या अक्षरांत लावण्यास कोणत्याही नियमाची आडकाठी नाही.