ट्रंक घरी आली तेव्हा तुम्ही कुठे होता?

२०२५ च्या मे महिन्यातली दहा तारीख. संध्याकाळची वेळ, भंडाऱ्यातली एक टपरी, हातात चहाचा ग्लास. भारत-पाकिस्तान शस्त्रसंधी झाल्याची बातमी मोबाइलवर आली आणि आजूबाजूच्या पोरांचे चेहरे एकदम उतरले, रंगात आलेला सामना पावसानं बंद पाडावा तसे. "अजून चार दिवस चालाले पायजे होतं बाप्पा, लाहोर घेऊनच थांबाचं होतं," एक जण म्हणाला. माझ्या तोंडून निघून गेलं, "थांबलं ते बरं झालं, बाबू." तो माझ्याकडे बघतच राहिला. मग म्हणाला, "काका, तुमी फौजी असून असं बोलता?"

पोरगा वाईट नव्हता. त्याच्या आवाजात राग नव्हता, खरंखुरं आश्चर्य होतं. फौजी म्हणजे लढाई मागणारा माणूस, आणि लढाई नको म्हणणारा म्हणजे देश विकायला निघालेला, असं त्याच्या मनावर कोणीतरी ठसवलं आहे. कोणी ठसवलं? आपणच. त्याच आठवड्यात टीव्हीवाल्यांनी एका रात्रीत कराची बंदर बेचिराख केलं होतं, इस्लामाबाद पाडलं होतं; सकाळी ते सगळं खोटं निघालं आणि कोणाला लाज वाटली नाही. ते बघणारे आपण, पुढे ढकलणारे आपण, आणि सगळं कळत असून तोंड मिटून बसलेले माझ्यासारखे पेन्शनरही आपणच. त्या पोराला मी तेव्हा उत्तर दिलं नाही. ते आज देतो.

मी १९८७ मध्ये श्रीलंकेत होतो. त्या वर्षीच्या जुलैमध्ये राजीव गांधी आणि जयवर्धने यांनी कोलंबोत करारावर सह्या केल्या आणि आमची रवानगी झाली. फौजेचं नाव शांतिसेना. काम सांगितलं होतं तमिळ बंडखोरांची हत्यारं गोळा करायचं, ते आणि श्रीलंकेची फौज यांच्या मध्ये उभं राहायचं. ऑक्टोबरात हुकूम फिरला आणि ज्यांची हत्यारं गोळा करायची त्यांच्याशीच लढाई जुंपली. त्यातल्या कित्येकांना बंदूक धरायला आपल्याच देशात शिकवलं होतं. जाफन्याच्या गल्ल्यांचे नकाशे आमच्याकडे धड नव्हते, त्यांना मात्र तिथली विहीर न् विहीर ठाऊक होती. जवळपास १,२०० जवान तिथं कामी आले. मार्च १९९० मध्ये शेवटची तुकडी परत आली तेव्हा दिल्लीत सरकार बदललेलं होतं, आणि मद्रासला स्वागताला यायला तिथल्या मुख्यमंत्र्यांनी, करुणानिधींनी, नकार दिला होता. ज्यांनी पाठवलं ते सत्तेत नव्हते, जे सत्तेत होते ते म्हणत होते आम्ही पाठवलंच नाही. मधल्या मध्ये आम्ही, बाडबिस्तरा खांद्यावर घेऊन.

८ महार पलटणीचे मेजर रामस्वामी परमेश्वरन २५ नोव्हेंबर १९८७ ला तिथंच पडले. त्या मोहिमेतलं एकमेव परमवीर चक्र त्यांचं. महार रेजिमेंटमध्ये विदर्भाची किती पोरं गेली, हे आपल्या जिल्ह्यात सांगायला नको. तरी चौकात जाऊन विचारून पाहा, हे नाव किती जणांना माहीत आहे. लाहोर घ्यायला निघालेल्यांना जाफना कुठे आहे तेही सांगता येत नाही.

माझ्या सोबतचा एक जण चुलबंद नदीकाठच्या गावचा होता. त्याचं नाव लिहीत नाही, त्याच्या घरच्यांना ते आवडणार नाही. त्या काळात पडलेल्या जवानाचा देह गावी पाठवायची रीत रुळली नव्हती. ती कारगिलपासून रुळली. त्याच्या घरी आली ती काळी ट्रंक. मी सुट्टीवर आलो तेव्हा त्याच्या आईनं ती अजून उघडली नव्हती. "तुच उघड गा," म्हणाली. आत इनॅमलचा मग होता, कडेला टवका उडालेला. दाढीचा ब्रश, पीटी शूज, दोन जोड मोजे, घासून अर्धा झालेला साबण वर्तमानपत्रात गुंडाळलेला. आणि एक निळं अंतर्देशीय, अर्धवट लिहिलेलं. माय वाचायला शिकली नव्हती. मी वाचून दाखवलं. हलका धान निघाला का, भारी धानाले पाणी पुरलं का, तळ्याचं पाणी पाळीपाळीनं घ्या, भावकीशी भांडू नका. एवढंच. सही करायची राहिली होती.

मायनं पत्र माझ्या हातातून घेतलं, चारदा घडी घालून कमरेच्या पिशवीत ठेवलं आणि विचारलं, "माया पोराचं तिकडच्या लोकाईशी का भांडण होतं जी?"

मला उत्तर सुचलं नाही. अजून सुचलेलं नाही. युद्धाला विरोध करणारे म्हणून ज्यांना शिव्या दिल्या जातात त्यांची पुस्तकं मी पुढे बरीच वाचली. पण त्या माउलीच्या प्रश्नापेक्षा मोठा प्रश्न मला त्यांत सापडला नाही. तिला कोणी देशद्रोही म्हणून दाखवावं.

तिच्या सुनेनं पेन्शनच्या कागदांसाठी घातलेले खेटे मी डोळ्यांनी पाहिले. एका कागदावर नावात काना जास्त पडला होता. त्या एका कान्यापायी ती बाई कडेवर लेकरू घेऊन महिनोन् महिने एसटीनं येत-जात राहिली. बाकावर तासन् तास बसायची. तिच्या गावानं वेशीवर त्याच्या नावाची पाटी लावली होती, पण कागद दुरुस्त करून द्यायला सोबत येणारा एक शिकलेला माणूस त्या गावातून निघाला नाही. पाटीला हार घालायला मात्र दर वर्षी निघतात.

मी कडू बोलतो आहे, पण विचार करून बोलतो आहे: या समाजाला जवान मेलेलाच हवा असतो. मेलेला जवान बोलत नाही. त्याचा फोटो फलकावर लावता येतो, शेजारी निवडणुकीला उभ्या राहणाऱ्याचा हात जोडलेला फोटो लावता येतो. जिवंत माजी सैनिक बांधाच्या तंट्यासाठी तहसीलच्या दारात उभा राहिला की त्याला दोन तास बसवून ठेवतात. आणि मेलेल्याच्या घरातलं कोणी बोललं तर त्याला आपण सोडत नाही. काश्मीरमधल्या पहलगाममध्ये २०२५ च्या २२ एप्रिलला दहशतवाद्यांनी मारलेल्या २६ जणांत नौदलाचा एक तरुण अधिकारी होता, लग्नाला आठवडाही झाला नव्हता. त्याची विधवा एवढंच म्हणाली की न्याय हवा, पण मुसलमानांच्या आणि काश्मिरींच्या मागे लागू नका, शांतता हवी. त्या पोरीवर लोकांनी जी घाण ओतली ती वाचून माझ्या हाताला कंप सुटला. शस्त्रसंधी जाहीर केली म्हणून परराष्ट्र सचिव विक्रम मिस्री यांना आणि त्यांच्या मुलीलाही तेच भोगावं लागलं. माजी लष्करप्रमुख मनोज नरवणे, आपले मराठी माणूस, त्याच वेळी पुण्यात म्हणाले की युद्ध म्हणजे सिनेमा नव्हे, त्यात प्रेमात पडण्यासारखं काही नाही, आणि आपण आधी वाटाघाटींचाच मार्ग धरू. ज्यानं सगळ्या सैन्याची जबाबदारी वाहिली तो हे सांगतो, आणि ज्यानं कधी एनसीसीचा गणवेशही घातला नाही तो त्याला धैर्य शिकवतो!

पुण्यातल्या एकोणीस वर्षांच्या एका विद्यार्थिनीनं त्याच मे महिन्यात समाजमाध्यमावर या लढाईबद्दल काही लिहिलं, दोन तासांत काढून टाकलं, माफी मागितली. तरी कॉलेजनं काढलं, पोलिसांनी धरलं, परीक्षेच्या तोंडावर येरवड्यात ठेवलं. मुंबई उच्च न्यायालयाला २७ मे रोजी सरकारचे कान उपटून तिला सोडवावं लागलं. तिनं जे लिहिलं ते मला पटलेलं नाही. पण एका पोरीच्या चार ओळींनी खचेल इतकी माझी फौज दुबळी नाही. दुबळे झालो असू तर आपण झालो आहोत.

आपल्या विदर्भात असं नव्हतं. १७ ऑक्टोबर १९४० ला विनोबांनी पवनारला युद्धाविरुद्ध भाषण करून वैयक्तिक सत्याग्रह सुरू केला आणि इंग्रजांनी त्यांना तीन महिन्यांची कैद दिली. पुढच्याच वर्षी, १ ऑक्टोबर १९४१ ला, बाबासाहेबांच्या प्रयत्नांना यश येऊन महार रेजिमेंट उभी राहिली. एक म्हणत होता लढू नका, दुसरा म्हणत होता फौजेत शिरा. दोघांचाही हिशेब प्रामाणिक होता. बाबासाहेब सुभेदाराचे चिरंजीव, महूच्या छावणीत जन्मलेले. इंग्रजांनी महारांची भरती कशी बंद केली, पहिल्या महायुद्धात अडलं तेव्हा १९१७ मध्ये १११ वी महार पलटण कशी उभी केली आणि काम भागल्यावर कशी मोडून टाकली, हे त्यांना पाठ होतं. गरज सरो वैद्य मरो. म्हणून त्यांनी फौजेची पूजा केली नाही, तिचा हिशेब मागितला. १९५१ मध्ये मंत्रिपद सोडताना त्यांनी सांगितलं की साडेतीनशे कोटींच्या महसुलातले १८० कोटी सैन्यावर जातात, आणि याला आपलं परराष्ट्र धोरण कारण आहे. तोच माणूस १९५४ मध्ये आपल्या भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीला उभा राहिला आणि पंतप्रधानांच्या परराष्ट्र धोरणावर तुटून पडला. भंडाऱ्यानं त्यांना पाडलं, याची खंत मला जन्मभर राहील. पण स्वतंत्र देशात प्रश्न विचारला म्हणून बाबासाहेबांना कोणी कोठडीत टाकलं नाही.

आता युद्धविरोधकांनाही माझं सांगणं आहे, आणि ते मी हातचं राखून सांगणार नाही. तुमचं बोलणं पुष्कळदा खरं असतं, पण तुम्ही आमच्या दारात येत नाही. पुण्या-मुंबईच्या सभागृहात शांततेचा ठराव होतो. चुलबंदकाठची ती माय त्या ठरावात नसते. तुमच्यातला एखादा जवानाला भाडोत्री म्हणून जातो तेव्हा टपरीवरच्या त्या पोराला तुम्ही स्वतःच्या हातानं दुसऱ्या बाजूला ढकलता. दोन एकर धानाच्या बांधीवर चार भाऊ जगू शकत नाहीत म्हणून एक जण भरतीला जातो. त्याला युद्धखोर म्हणण्याआधी त्याच्या बांधीत उतरा.

आणि जवाहरनगरच्या फाटकावर या. चीनच्या लढाईनंतर, १९६४ मध्ये, इथं आयुध निर्माणी आली. देशाच्या तोफांना आणि रॉकेटांना लागणारी दारू इथं बनते. २४ जानेवारी २०२५ च्या सकाळी तिथं स्फोट झाला, छत कोसळलं, किमान आठ कामगार गेले. आवाज पाच-पाच किलोमीटर ऐकू गेला. आदल्या वर्षीच्या जानेवारीतही एक जण गेला होता. २०२५ च्या त्या स्फोटानंतर साडेतीन महिन्यांनी सारा देश तोफांच्या आवाजावर नाचत होता. पण त्या दारूत आमच्या निर्माणीतल्या कामगारांच्या घरांचा विस्तव मिसळला आहे, असं एकाही वाहिनीवर मी ऐकलं नाही. दारू बनवताना मेलेल्याला हुतात्मा म्हणत नाहीत. २०२१ मध्ये निर्माण्यांच्या कंपन्या करताना कामगारांनी संपाचं नाव काढलं, तेव्हा सरकारनं संपावर बंदी घालणारा कायदा आणला. तेव्हाही देशभक्तांपैकी कोणी विचारलं नाही की या माणसांचं म्हणणं काय आहे.

युद्ध कधी लढावंच लागतं. मी अहिंसावादी नाही, सीमा राखायला माणूस लागतो हे मला ठाऊक आहे. परंतु ते कोण लढणार, त्याच्या मागे काय उरणार, हे विचारण्याचा हक्क ज्यांच्या घरून ट्रंक गेली आहे त्यांचा पहिला आहे. घोषणा देणाऱ्यांच्या किती घरांतून ट्रंक गेली? आमच्या खासदार-आमदारांच्या किती पोरांनी भरतीची सोळाशे मीटर धाव घेतली? आता तर अग्निवीर म्हणून चार वर्षांची नोकरी आहे. शंभरातले पंचवीस ठेवणार, पंचाहत्तर घरी पाठवणार. बुलढाणा जिल्ह्यातलं एक पोरगं २०२३ च्या ऑक्टोबरात सियाचीनमध्ये गेलं, कर्तव्यावर मरण पावलेला तो पहिला अग्निवीर. घरच्यांना विम्याची आणि सानुग्रह रक्कम आहे, पेन्शन नाही. नियमित जवान त्याच बर्फात मेला तर त्याच्या घरी पेन्शन जाते. बर्फ दोघांना सारखाच असतो. हे विचारणारा देशद्रोही, आणि हा नियम मुकाट मान्य करणारा देशभक्त, हा कुठला न्याय?

टपरीवरचा तो पोरगा पंधरा दिवसांनी माझ्या घरी आला. भरतीची तयारी करतो म्हणाला, धाव मोजून द्याल का काका. तेव्हापासून पहाटे साडेचारला मी कालव्याच्या वाटेवर जातो. त्याच्यासोबत आणखी सात-आठ जण असतात. एकाचे बूट भावाचे आहेत, पुढे कापूस कोंबून घालतो. एक अनवाणी पळतो. वैनगंगेकडून गार वारा येतो, बांध्यांमधून बेडकं ओरडतात, आणि अंधारातून पावलांचा आवाज आधी येतो, पोरं मागून दिसतात.

लढाईबद्दल त्यानं पुन्हा काही विचारलं नाही. मीच एकदा त्याला त्या ट्रंकेबद्दल सांगितलं. तो बराच वेळ बुटाची नाडी बांधत बसला. मग म्हणाला, "काका, त्या पत्राचं काय झालं?" मी म्हणालो, माय गेली तेव्हा तिच्या पिशवीतच होतं, तसंच तिच्यासोबत दिलं.

काल त्यानं सोळाशे मीटर पाच मिनिटं सव्वीस सेकंदांत काढले. पूर्ण गुणांसाठी साडेपाच लागतात. तो गुडघ्यांवर हात टेकून धापा टाकत उभा होता, आणि वहीत आकडा लिहिताना माझ्याच्यानं त्याच्याकडे बघवलं नाही.